मालवण पायी बघा: तीन तास आणि एक वाटाड्या

मालवणला येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांचा कार्यक्रम आता ठरून गेला आहे. सकाळी गाडी थेट जेटीवर, तिथून होडीने सिंधुदुर्ग, दुपारी माशांचं ताट, मग तारकर्ली-देवबागला स्कूबा आणि पॅरासेलिंग, आणि संध्याकाळी परत गाडीत. दोन दिवस संपतात आणि मालवण शहरात पाऊलही पडलेलं नसतं. हे मला मनापासून खटकतं. सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, २०२१ पासून चिपीला विमानं उतरू लागली, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन्ही आले. किनाऱ्याला झळाळी आली आहे आणि ती त्याला शोभतेही. पण त्या झळाळीमागे एक जुनं बंदराचं गाव आहे. मेढा, दांडी, बाजारपेठ, भरड, धुरीवाडा, देऊळवाडा या वाड्यांतून ते पसरलं आहे. जांभ्याच्या गडग्यांमधून जाणाऱ्या पाणंदी इतक्या अरुंद आहेत की चारचाकी तिथे शिरूच शकत नाही. हे गाव बघायचं तर चालावं लागतं, आणि सोबत गावातला माणूस लागतो.

त्यासाठी सबंध दिवस देण्याची गरज नाही. तीन तास पुरेत. ते तीन तास कुठले, कोणाबरोबर आणि कुठून कुठे, एवढं आधी ठरवलं तर पैसे आणि पाय दोन्ही सार्थकी लागतात.

वाटाड्या कसा निवडावा

जेटीवर गाइड मिळतात, किल्ल्यावरही मिळतात. किल्ल्यावर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांतले काही जण हे काम करतात, आणि त्यांच्याइतका तो किल्ला दुसऱ्या कोणाच्या अंगवळणी पडलेला नाही. गावातल्या फेरीसाठी मात्र आदल्या संध्याकाळी चौकशी करावी. तुम्ही ज्यांच्याकडे उतरला आहात त्या घरच्यांना विचारा. मालवणात घरगुती निवासाची सोय भरपूर आहे, आणि यजमानांच्या ओळखीतला एखादा निवृत्त शिक्षक, एखादा कॉलेजातला मुलगा किंवा समुद्रावरून निवृत्त झालेला एखादा तांडेल आनंदाने येतो. माझं मत विचाराल तर तांडेल मिळाला तर दुसरा शोधू नका.

माणूस ठरवण्याआधी त्याला दोन साधे प्रश्न विचारा: उद्या सुकती, म्हणजे ओहोटी, किती वाजता आहे, आणि तुमचं घर कुठल्या वाडीत? पहिल्याचं उत्तर तोंडावर असेल आणि दुसऱ्याचं उत्तर देताना तो दोन शेजाऱ्यांची नावंही सांगत असेल, तर माणूस योग्य. "तुम्ही सांगाल तिथे नेतो" म्हणणाऱ्यापेक्षा "आधी दांडीवर जाऊया, मग बघू" म्हणणारा बरा. मेहनताना आधी ठरवा, माणशी की सगळ्यांचा मिळून तेही ठरवा, आणि दुकानात किंवा हॉटेलात नेऊ नका हे पहिल्यांदाच सांगून टाका. सात-आठ जणांपेक्षा जास्त असाल तर दोन गट करा. पाणंदीत माणसं एकामागून एक चालतात, आणि दहाव्या माणसाला पहिल्याशी चाललेलं बोलणं ऐकू येत नाही.

वाटाड्याने मालवणीत बोलावं असा आग्रह जरूर धरा. सुरुवातीला थोडं अडखळायला होईल, पण देशावरच्या माणसालाही दहा मिनिटांत कान बसतो.

वेळ पंचांगावरून ठरवा

किनाऱ्यावरून चालायचं तर भरती-ओहोटी बघितल्याशिवाय निघू नये. मोबाइलवर तक्ते मिळतात, पण कोकणात पूर्वापार चालत आलेला आडाखा त्याहून सोपा आहे. शुद्ध पक्ष असो की वद्य, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या आसपास भरती. त्याआधी सहा तासांहून थोडं जास्त मागे जा, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास सुकती. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण फेरी आखायला एवढं पुरतं.

यातूनच चांगले दिवस कळतात. द्वितीया ते चतुर्थी या तिथींना सकाळी सात ते सव्वानऊच्या दरम्यान पाणी सर्वांत खाली असतं. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण नुकतंच होऊन गेलेलं असल्याने ते चांगलंच खाली जातं आणि पुळण रुंद मिळते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. दशमी-एकादशीला सकाळी भरती असते. त्या दिवशी किनाऱ्याची फेरी सोडा आणि संध्याकाळी गावातली फेरी घ्या. रजा आखतानाच कॅलेंडरात तिथी बघितली तर उत्तम.

सकाळची फेरी: दांडी ते बंदर

साडेसहाला निघा. सुरुवात जेटीवरून करू नका, तिच्या दक्षिणेला दांडीच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे तिथून करा. किल्ल्याच्या पायाभरणीआधी शिवाजी महाराजांनी इथे पूजा केली अशी परंपरा आहे. खडकावर गणपती, शिवलिंग, चंद्र-सूर्य आणि पादुका कोरलेल्या आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ ही पायाभरणीची तारीख पुस्तकात वाचलेली असते. पण इथे उभं राहिल्यावर समोर किल्ला ज्यावर उभा आहे ते कुरटे बेट, अलीकडे छोटा पद्मगड, उत्तरेला राजकोटचं टोक, आणि पाण्यातून वर डोकावणारे खडक असा सगळा पट एका नजरेत येतो, आणि बेटाची निवड का झाली ते वाटाड्याने हात करून दाखवलं की कळतं. खडकांमधली होडीची वाट जाणणाऱ्यालाच सापडते. अनोळखी गलबताला हे पाणीच अडवायचं. होड्या कुठून वळतात आणि कुठून वळत नाहीत, हे त्याला आवर्जून विचारा.

दांडीवर रापण चालू असेल तर बाकी सगळं विसरून थांबा. होडी जाळं घेऊन पाण्यात जाते, अर्धगोल मारून ते सोडत पुन्हा किनाऱ्याला येते, आणि मग दोन्ही बाजूंचे दोर धरून बायाबापड्यांसह पंचवीस-तीस माणसं ते ओढत राहतात. हे काम तासाच्या आत उरकत नाही. दोर ओढणाऱ्यांची लय, दोन टोकं हळूहळू जवळ येणं, शेवटच्या टप्प्यात सगळ्यांची चाललेली धावपळ आणि जाळ्यात चमकणारे तारली-बांगडे बघताना वेळ कसा जातो समजत नाही. मग मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. गाबीत समाजाची ही पद्धत किती जुनी आहे, आणि पर्ससीन नेट व एलईडी दिव्यांच्या मासेमारीमुळे किनाऱ्यालगतची मासळी का कमी झाली, हे इथल्या माणसाकडून ऐका. स्कूबाच्या काचेतून रंगीत मासे बघून आलेल्यांनी तर नक्कीच ऐकावं. इथला समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्या पाण्यावर मच्छीमाराचं पोट आणि पर्यटकाची हौस दोन्ही अवलंबून आहेत.

इथे वागण्याच्या काही गोष्टी पाळा. वाळूत पसरलेल्या जाळ्यांवरून आणि दोरांवरून चालू नका, वळसा घ्या. ओढून ठेवलेल्या होडीवर चपला घालून चढू नका. होडीची पूजा होते, ती घरच्यासारखी असते. फोटोआधी विचारा, विशेषतः मासळी निवडत बसलेल्या बायकांचा काढायचा असेल तर. "मावशी, काढू काय फोटो?" एवढं पुरतं, आणि कोणी नको म्हटलं तर नको. दोर ओढायला हात लावायचा असेल तर तेही विचारून. लावू देतात, पण मुलांना दोन दोरांच्या मध्ये उभं करू नका.

मोठ्या सुकतीला दांडीकडून पद्मगडापर्यंत पुळणीतून चालत जाता येतं. जहाजं बांधण्या-दुरुस्तीची जागा म्हणून या गडाचं नाव सांगितलं जातं. मात्र स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय पाय टाकू नका, आणि तो "फिरा आता" म्हणाला की लगेच फिरा. पाणी चढायला लागलं की ते मागून येतं.

तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने बंदराकडे रमतगमत अर्धा तास. वाटेत माडांच्या सावलीत घरं, अंगणातलं खळं, तुळशीवृंदावन, वळत घातलेली सुकी मासळी. पायवाट कधीकधी एखाद्याच्या खळ्यातूनच जाते. वाटाड्या असला की प्रश्न येत नाही, एकटे असाल तर हाक मारून जा.

बंदरावर पोचेपर्यंत किल्ल्याच्या पहिल्या होड्या सुटायची वेळ झालेली असते, आणि गर्दी अजून रांगेत लागलेली नसते. ज्यांना फेरी छोटीच हवी आहे त्यांनी इथे थांबून बंदराचा इतिहास ऐकावा. १७६५ साली इंग्रजांनी हा किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं, पुढे तो करवीरकरांकडे परतला, आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. बंदरावरचा व्यापार, मुंबईला जाणाऱ्या आगबोटी, चाकरमान्यांची ये-जा, हे ऐकायला म्हातारी माणसं शोधावी लागतात, पण अजून सापडतात.

किल्ल्यावर एका तासात

होडीवाले परतीची वेळ ठरवून देतात, साधारण तासाभराची. अठ्ठेचाळीस एकरांचा किल्ला तासात होत नाही हे मान्य करून निवड करावी. माझी निवड अशी: दरवाजा, शिवराजेश्वर, विहिरी आणि तटाचा एकच तुकडा.

दरवाजा लांबून दिसत नाही. दोन बुरुजांच्या आड वळवून घेतलेला तो गोमुखी दरवाजा होडी अगदी जवळ आली तरी ओळखू येत नाही, म्हणून होडीत बसल्यापासून डोळे तिकडे ठेवा. आत आल्यावर लगेच वर चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे दाखवतात. शिवराजेश्वराचं मंदिर राजाराम महाराजांनी बांधलं. मूर्ती वीरासनात बसलेली, दाढी नसलेली आणि डोक्यावर नावाड्यासारखी टोपी असलेली आहे. महाराजांचं हे रूप आपल्या नेहमीच्या चित्रांतलं नव्हे. तिथे घाई करू नका. मंदिरात पूजा चालते, त्यामुळे आवाज आणि कपडे देवळाला साजेसे ठेवा.

मग दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. भर समुद्रात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत म्हणूनच इथे शिबंदी राहू शकली आणि आजही माणसं राहतात. उरलेल्या वेळात तटावर चढा, पण पूर्ण फेरी मारायचा हट्ट नको. पश्चिमेकडचा तट निवडा, जिथे लाटा थेट पायाशी येतात. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तीन वर्षांत, १६६७ पर्यंत हे काम उभं राहिलं. पायाच्या चिऱ्यांत शिसं ओतून ते बसवले. तटाच्या आतच सैनिकांसाठी शौचकूप काढले आहेत, तेही बघा. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हा विचार आहे.

गाइडच्या तोंडून आकडे भराभर येतात. तटाची लांबी कोणी तीन किलोमीटर सांगतो, कोणी चार, बुरूज कोणी बेचाळीस, कोणी बावन्न. त्यावर वाद घालण्यात तास घालवू नका. "हे कागदात आहे की ऐकीव?" एवढं शांतपणे विचारा. चांगला गाइड दोन्ही वेगळं करून सांगतो, आणि दंतकथेचाही मान राखतो.

परत आल्यावर बाजारपेठ

दहाच्या सुमारास बंदरावरून बाजारपेठेत शिरा. इथे पोटाचं बघायचं. घावणे किंवा आंबोळी आणि सोबत चटणी किंवा काळ्या वाटाण्याची उसळ मिळाली तर चहाबरोबर ती सर्वांत बरी न्याहारी. माशांचं जेवण दुपारवर ठेवा, कारण दोन्ही केलं तर दोन्हींची चव जाते. विकत घ्यायच्या गोष्टी: खाजा, आमसुलं, कोकमाचं आगळ, काजू, मालवणी मसाला, आणि तिरफळं. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं नसली तर ते मालवणी नव्हे, आणि शहरांत ती सहज मिळत नाहीत. खाजा ताजा असेल तर आल्याचा वास लगेच येतो. मे महिन्यात आला असाल तर फणसपोळी आणि आंबापोळी घरगुती बघून घ्या. पाकिटावरच्या चित्रापेक्षा विकणारीला ती कुठल्या गावची हे विचारणं उपयोगी पडतं.

वेळ उरला आणि पाय साथ देत असतील तर देऊळवाड्यात रामेश्वर-नारायणाचं दर्शन घ्या. हे मालवणचं ग्रामदैवत. दिवाळी पाडव्याला त्यांची पालखी गावभर फिरते आणि रात्री बाजारपेठेत येते तेव्हा सगळं मालवण रस्त्यावर असतं. त्या दिवशी इथे असाल तर वेगळी फेरी काढायला नको, पालखीमागून चाला. नारळी पौर्णिमेला बंदरावर समुद्राला नारळ अर्पण होतो आणि नारळ लढवण्याचा खेळ रंगतो. तेव्हा होड्या बंद असल्या तरी मालवणला यावं.

संध्याकाळची फेरी

ज्यांना पहाटे उठणं जमत नाही किंवा सोबत वयस्कर माणसं आहेत त्यांच्यासाठी ही. साडेचारला भरडावरून सुरू करून बाजारपेठेतून मेढ्यात उतरा. मेढ्यातलं सोन्याच्या गणपतीचं मंदिर ज्योतिर्भास्कर जयंत साळगावकरांनी आपल्या गावी उभारलं. तिथून राजकोट जवळच. डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला तिथला शिवपुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, आणि मे २०२५ मध्ये त्या जागी नवा भव्य पुतळा उभा राहिला. गर्दी पुतळ्याकडे असते. तुम्ही मात्र जुन्या कोटाचे अवशेष आणि तिथून दिसणारा सिंधुदुर्गही बघा, कारण राजकोट, सर्जेकोट आणि पद्मगड हे सिंधुदुर्गाचे पाठराखे होते. पुढे रॉक गार्डन, आणि मग चिवला. चिवल्याला डिसेंबरात समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, एरवी तो किनारा शांत असतो. सूर्यास्त चिवल्यावरून बघा. रॉक गार्डनच्या खालच्या खडकांवर उतरू नका. शेवाळ दिसत नाही, आणि एखादी मोठी लाट सांगून येत नाही.

काय जवळ ठेवावं, कधी यावं

पायात मागे पट्टा असलेली, पकड असलेली चप्पल घाला, कारण बूट वाळूत आणि ओल्या जांभ्यावर दोन्हीकडे त्रास देतात. टोपी, पाण्याची बाटली, सुटे पैसे. गाडी राहत्या ठिकाणीच ठेवा. बंदराकडचा रस्ता अरुंद आहे आणि सुट्टीत तिथे अडकलेल्या गाड्यांत फेरीचा निम्मा वेळ जातो. रेल्वेने येणाऱ्यांनी कुडाळला उतरावं, तिथून मालवण साधारण अठ्ठावीस किलोमीटर, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम असते, फक्त नाताळचा आठवडा टाळा. आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत खोली मिळणं कठीण असतं. त्या जत्रेची तारीख तिथीवर बांधलेली नाही, ती दरवर्षी ठरवली जाते, म्हणून फेब्रुवारी-मार्चला येणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. मे अखेरीपासून पावसाळाभर किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि जून-जुलैत मासेमारीही थांबते. पण पाणंदी, देवळं आणि बाजारपेठ त्या दिवसांत जितकी सुंदर दिसतात तितकी एरवी दिसत नाहीत. छत्री घेऊन गावातली फेरी जरूर करा, समुद्रापासून मात्र लांबूनच.

फेरी संपली की वाटाड्याचे पैसे त्याच्याच हातात द्या, आणि त्याचा नंबर घेऊन ठेवा. पुढच्या वेळी येण्याआधी त्यालाच फोन करून सुकतीची वेळ विचारा. आणि एका मुक्कामात एकच फेरी जमणार असेल तर सकाळची घ्या.